गेट, सर्च, लिस्ट: एजंट गोंधळणार नाही तर काय!

पत्र

सप्रेम नमस्कार,

आमची चौघांची टीम आहे. ग्राहकांच्या तक्रारी हाताळणारा एआय एजंट आम्ही बनवला आहे आणि त्याला २३ टूल्स, म्हणजे त्याला बोलावता येतील अशी ठरावीक कामं करणारी फंक्शन्स, दिली आहेत. डेमोत सगळं सुरळीत चाललं, खऱ्या ग्राहकांपुढे मात्र फजिती सुरू झाली. ऑर्डर काढायची तीन टूल्स आहेत: गेट_ऑर्डर, सर्च_ऑर्डर्स आणि लिस्ट_ऑर्डर्स. एजंट त्यातलं नेमकं भलतंच उचलतो. तारखा उलट्यासुलट्या पाठवतो. ऑर्डर क्रमांक नसेल तर मनाने एक बनवून देतो. दोन वेळा तर त्याने एकाच ऑर्डरचा रिफंड दोनदा टाकला. सिस्टिम प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे संवादाआधी दिलेल्या कायमच्या सूचनांमध्ये, नियम वाढवत वाढवत आम्ही चार पानांवर पोचलो आहोत. टूल्सची वर्णनं एकेका ओळीची आहेत: ‘ऑर्डर मिळवते’, ‘ऑर्डर्स शोधते’, ‘रिफंड तयार करते’. एजंटमागचं एआय मॉडेल महागडं घ्यावं का? आणि ग्राहक मराठीत बोलतात, तर वर्णनं मराठीत लिहावीत की इंग्रजीत?

– नियम लिहून थकलेला

उत्तर

चार पानी नियमावलीचं पाहून वाईट वाटलं, कारण हे ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ असं झालं आहे. बिघाड टूल्सच्या वर्णनांत आहे आणि डागडुजी सिस्टिम प्रॉम्प्टमध्ये चालली आहे. मॉडेल बदलण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा; त्यावर शेवटी बोलू.

मॉडेलला तुमच्या टूलबद्दल कळतं ते एवढंच: नाव, वर्णन आणि पॅरामीटर्सचा (टूलला द्यायच्या माहितीच्या रकान्यांचा) जेसन स्कीमा, म्हणजे त्या रकान्यांचा आराखडा. टूलच्या आतला कोड, डेटाबेसमधली टेबलं, ‘लिस्ट वापरायचं नाही, ते जुनं आहे’ हे टीममध्ये तोंडी ठरलेलं, यातलं काहीही त्याच्यापर्यंत पोचत नाही. आता तुमच्या तीन ओळी त्याच्या जागी बसून वाचा. ‘ऑर्डर मिळवते’ आणि ‘ऑर्डर्स शोधते’ यांत फरक काय? तुम्हाला तो माहीत आहे, कारण कोड तुम्ही लिहिला आहे. एक सोपी परीक्षा घ्या. ज्याने हा कोड कधी पाहिलेला नाही अशा सहकाऱ्याला फक्त नावं आणि वर्णनं छापून द्या, ग्राहकांचे दहा प्रश्न द्या आणि प्रत्येकापुढे टूलचं नाव लिहायला सांगा. तो जिथे अडखळेल, तिथे मॉडेलही अडखळतं.

(या उत्तरात टूल्सची नावं आणि नमुन्यातले अंक देवनागरीत छापले आहेत. कोडमध्ये ते रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांतच हवेत.)

वर्णनाला हात लावण्याआधी एक प्रश्न: तीन टूल्स हवीत कशाला? तुमच्या बॅकएंडवर (सर्व्हरच्या बाजूला) तीन एंडपॉइंट, म्हणजे विनंती घेणारे पत्ते, होते म्हणून तीन टूल्स झाली असावीत. प्रोग्रामरला ते सोयीचं असतं. एजंटपुढे मात्र एकाच कामाचे तीन दरवाजे उभे राहतात. लिस्ट_ऑर्डर्स काढून टाका. सर्च_ऑर्डर्सला काहीच अट दिली नाही तर ते ताज्या १० ऑर्डर्स देईल, म्हणजे यादीचं काम आपोआप झालं. उरलेल्या दोघांमध्ये सीमा आखा. सर्च_ऑर्डर्सचं वर्णन असं होऊ शकतं:

> ‘सध्या लॉगिन असलेल्या ग्राहकाच्या ऑर्डर्स शोधते. ऑर्डर क्रमांक माहीत नसेल तेव्हा वापरा. वस्तूचं नाव, तारखांचा कालावधी आणि स्थिती या तिन्ही अटी ऐच्छिक आहेत. एकही दिली नाही तर सर्वांत ताज्या १० ऑर्डर्स मिळतात. प्रत्येक ऑर्डरसोबत क्रमांक, तारीख, वस्तूंची नावं आणि स्थिती येते. पत्ता आणि पेमेंटचा तपशील येत नाही; तो हवा असेल तर इथे मिळालेला क्रमांक घेऊन गेट_ऑर्डर वापरा. ग्राहकाने ऑर्डर क्रमांक आधीच सांगितला असेल तर हे टूल वापरू नका, थेट गेट_ऑर्डर वापरा. शेवटच्या २४ महिन्यांतल्याच ऑर्डर्स सापडतात. काही जुळलं नाही तर रिकामी यादी येते. ती तांत्रिक चूक नाही.’

दहा वाक्यं झाली. जरा लांबलं, पण यातलं कोणतंही काढून पाहा, काही ना काही बिघडेल. ‘रिकामी यादी ही चूक नाही’ हे काढलं तर एजंट तोच शोध किंचित शब्द बदलून चार वेळा मारेल आणि शेवटी ग्राहकाला ‘सिस्टिममध्ये अडचण आहे’ असं सांगेल. २४ महिन्यांची मर्यादा काढली तर जुन्या ऑर्डरबद्दल विचारणाऱ्याला ‘तुमची अशी ऑर्डरच नाही’ असं छातीठोकपणे सांगितलं जाईल. ‘पत्ता येत नाही’ काढलं तर एजंट पत्त्यासाठी इथेच खेटे घालत राहील. आणि सगळ्यात जास्त काम करणारं वाक्य म्हणजे ‘वापरू नका’. टूल केव्हा वापरायचं हे बहुतेक जण लिहितात. केव्हा वापरायचं नाही आणि त्याऐवजी कुणाकडे जायचं, हे शेजाऱ्याचं नाव घेऊन लिहावं लागतं, आणि तेच नेमकं राहून जातं. गेट_ऑर्डरच्या वर्णनातही उलट बाजूने हेच यायला हवं. सीमा एकाच बाजूने आखली तर अर्धा घोळ तसाच राहतो.

त्या वर्णनात मोबाईल नंबर किंवा ग्राहक क्रमांक नाही, हे लक्षात आलं असेल. ते मुद्दाम वगळलं आहे. ग्राहक कोण आहे हे मॉडेलने ठरवायचं नसतं. ते लॉगिन सेशनमधून तुमच्या कोडने टूलला परस्पर द्यायचं. पॅरामीटर म्हणून ठेवलंत तर कुणीही दुसऱ्याचा नंबर सांगून त्याच्या ऑर्डर्स वाचू शकेल आणि वर्णनातली ताकीद त्याला अडवणार नाही. तुमच्या टूल्समध्ये असा पॅरामीटर असेल तर हे उत्तर पूर्ण वाचण्याआधी तो काढा.

आता तारखा. उलट्यासुलट्या तारखांची बहुधा दोन कारणं असतात आणि पहिलं टूलमध्ये नाहीच: मॉडेलला आजची तारीख माहीत नसते. तुम्ही सांगितली नाही तर ‘गेल्या सोमवारची ऑर्डर’ ते अंदाजानेच काढणार. प्रत्येक संवादात आजची तारीख, वार आणि टाइम झोन द्या. दुसरं कारण वर्णनाचं. ‘तारीख’ एवढंच लिहून भागत नाही. पॅरामीटरचं नाव ‘डेट’ ऐवजी ‘फ्रॉम_डेट’ आणि ‘टू_डेट’ ठेवा. वर्णनात लिहा: ‘आधी चार अंकी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये आडव्या रेघा, जसं २०२५-०३-०७. अंक रोमन. ही तारीखही शोधात धरली जाते. ऑर्डर दिल्याची तारीख; पोचल्याची नव्हे.’ ते शेवटचं वाक्य विसरलं की ‘मागच्या आठवड्यात आलेलं पार्सल’ हमखास चुकतं.

मराठी ग्राहकांसाठी आणखी एक ओळ लागेल. आपला ‘परवा’ मागेही जातो आणि पुढेही. ‘परवा मागवलं’ आणि ‘परवा येणार होतं’ यांतला फरक मॉडेलला संदर्भावरून सहसा कळतो, पण ‘परवाची डिलिव्हरी’ म्हटलं की पंचाईत. वर्णनात सांगा: ‘परवा या शब्दाचा अर्थ संदर्भावरून स्पष्ट नसेल तर टूल बोलावण्याआधी ग्राहकाला तारीख विचारा.’ ‘परत’ तर याहून खोडकर. ‘ऑर्डर परत करायची आहे’ म्हणजे वस्तू माघारी पाठवायची की तीच ऑर्डर पुन्हा द्यायची? तुमच्याकडे रिटर्नचं आणि रीऑर्डरचं अशी दोन टूल्स असतील, तर दोन्हींच्या वर्णनांत हे वाक्य उदाहरण म्हणून घाला आणि ‘आधी विचारा’ असं लिहा.

मनाने बनवलेल्या ऑर्डर क्रमांकाचं मूळ स्कीमात आहे. पॅरामीटर सक्तीचा आहे, क्रमांक हाताशी नाही आणि दुसरी वाट कुणी दाखवलेली नाही. मग मॉडेल रकाना भरून मोकळं होतं. वाट दाखवा: ‘क्रमांक ग्राहकाच्या संदेशातून किंवा सर्च_ऑर्डर्सच्या उत्तरातून जसाच्या तसा घ्या. दोन्हीकडे नसेल तर आधी सर्च_ऑर्डर्स वापरा. अंदाजाने क्रमांक बनवू नका.’ सोबत स्कीमात क्रमांकाचा नमुना बांधा, म्हणजे उदाहरणार्थ दोन अक्षरं आणि आठ अंक, आणि न बसणारा क्रमांक सर्व्हरवरच नाकारा. एक सापळा मात्र सांभाळा: वर्णनात उदाहरण म्हणून दिलेला क्रमांक मॉडेल कधीकधी तसाच उचलून पाठवतं. उदाहरणातला क्रमांक तुमच्या डेटाबेसमध्ये कधीच नसेल असा ठेवा आणि तो आला की वेगळी नोंद करा. किती वेळा येतो ते पाहून थक्क व्हाल.

ऑर्डरची ओळख म्हणून ३६ अक्षरांचा लांबलचक यूयूआयडी (संगणकाने बनवलेला एकमेव ओळखक्रमांक) देत असाल तर तोही बदला. अशी निरर्थक अक्षरमाळ पुढच्या कॉलमध्ये उतरवताना एखादं अक्षर इकडचं तिकडे होतं. छोटा, माणसाला वाचता येणारा क्रमांक बरा.

स्थिती, रिफंडचं कारण यांसारखे ठरलेले पर्याय मोकळ्या मजकुरात घेऊ नका, एनम (ठरावीक पर्यायांची बंद यादी) करा. प्रत्येक पर्यायाचा अर्थ एकेका वाक्यात लिहा, कारण ‘रद्द’ आणि ‘नाकारली’ यांतला तुमच्या घरचा फरक बाहेरच्याला कळत नाही. ‘इतर’ हा पर्याय ठेवलात तर निम्मी गर्दी तिथेच जमते. सोबत ‘वरचं एकही लागू नसेल तरच’ असं लिहा. काही सेवांमध्ये स्कीमा काटेकोर पाळायला लावणारा ‘स्ट्रिक्ट’ पर्याय असतो, तो जरूर वापरा. पण त्याने फक्त आकार सांभाळला जातो. तारीख तारखेसारखी दिसेल. ती बरोबर आहे की नाही, हे स्ट्रिक्टला कुठून कळणार?

रक्कम हा आणखी एक खड्डा. ‘अमाउंट’ असा पॅरामीटर असेल आणि तो चलनाच्या मोठ्या एककात की लहान एककात हे लिहिलं नसेल, तर शंभरपट चूक होते. त्यातून ग्राहक ‘दीड हजार’, ‘अडीचशे’ असं बोलणार. एकक नावातच घाला. रिफंडमध्ये तर रक्कम मॉडेलकडून घेऊच नका. ऑर्डर क्रमांक आणि वस्तूचा क्रमांक घ्या, रक्कम सर्व्हरने काढावी.

आणि दुहेरी रिफंड. तुमचे लॉग पाहा. बहुधा असं झालं असेल: पहिल्या कॉलला उशीर लागला, टूलने ‘टाइमआउट’ असं उत्तर दिलं, रिफंड मात्र मागे झालेला होता. मॉडेलला वाटलं काम राहिलं, त्याने पुन्हा बोलावलं. त्याच्या जागी कुणीही तेच केलं असतं. हे वर्णनाने मिटणार नाही, सर्व्हरवर मिटवा. ऑर्डर आणि वस्तू यांवरून कोडने एक इडेम्पोटन्सी की, म्हणजे तेच काम पुन्हा आलं हे ओळखणारी खूण, तयार करावी (मॉडेलने नव्हे, ते दर वेळी नवी बनवेल), आणि तीच की दुसऱ्यांदा आली तर नवा रिफंड न टाकता आधीच्याची माहिती परत द्यावी. ठरावीक रकमेच्या वर माणसाची मंजुरी लागावी, तीही कोडमध्ये. एमसीपी (मॉडेलला टूल्स जोडण्याची एक प्रमाण पद्धत) वापरत असाल तर त्यात ‘हे टूल विध्वंसक आहे’, ‘हे फक्त वाचतं’ अशा खुणा टूलला लावता येतात. लावा, पण त्या सूचना आहेत, पहारेकरी नाहीत.

एवढं झाल्यावर मग वर्णनात लिहा: ‘ग्राहकाच्या मूळ पेमेंटवर पैसे परत पाठवते. हे मागे घेता येत नाही. बोलावण्याआधी वस्तूचं नाव ग्राहकाला सांगून स्पष्ट होकार घ्या. त्याच वस्तूसाठी पुन्हा बोलावलं तर नवा रिफंड होत नाही, आधीच्याची माहिती मिळते. वस्तू बदलून हवी असेल तर हे टूल वापरू नका, क्रिएट_एक्स्चेंज वापरा.’

टाइमआउटवरून आणखी एक गोष्ट निघते, आणि तिच्याकडे जवळजवळ सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. टूलने परत दिलेला मजकूर हाही मॉडेलसाठी वर्णनाचाच भाग आहे, आणि तो अगदी गरजेच्या क्षणी वाचला जातो. ‘४०० बॅड रिक्वेस्ट’ वाचून कुणी काय करायचं? त्याऐवजी: ‘फ्रॉम_डेटमध्ये ०७/०३/२०२५ आलं. वर्ष-महिना-दिवस असं हवं, जसं २०२५-०३-०७. दुरुस्त करून पुन्हा बोलवा.’ टाइमआउटला: ‘रिफंड झाला की नाही हे अजून नक्की नाही. पुन्हा टाकू नका. आधी गेट_रिफंड_स्टेटस पाहा.’ काय चुकलं, काय हवं होतं, पुढे काय करायचं, एवढं त्यात असावं. तुमच्या २३ टूल्सचे एरर मजकूर एका दुपारी बसून लिहून काढा. दुपार वाया जाणार नाही.

यशस्वी उत्तरही भाराभर नको. गेट_ऑर्डर जर ऐंशी रकाने परत देत असेल तर त्यातले एजंटला लागणारे दहाच द्या. उरलेले सत्तर प्रत्येक पुढच्या फेरीत मॉडेलपुढच्या मजकुरात पडून राहतात, टोकन (मजकुराचे तुकडे, ज्यांवर खर्च मोजला जातो) खातात आणि लक्ष विचलित करतात.

वर्णनं लांबली तर खर्च वाढेल, ही शंका तुम्हाला येणारच. टूल्सच्या व्याख्या प्रत्येक विनंतीबरोबर जातात, हे खरं. समजा प्रत्येकी २०० टोकन धरले, तर २३ टूल्सचे ४,६०० होतात. पण चार पानी नियमावलीतला मोठा भाग आता अनावश्यक होईल. टूलविषयी असलेला प्रत्येक नियम त्या त्या टूलच्या वर्णनात हलवा आणि प्रॉम्प्टमधून पुसा. दोन्हीकडे ठेवलात तर महिन्याभरात दोघांत विसंगती येते. प्रॉम्प्टमध्ये राहावं ते एजंटचं काम, बोलण्याची पद्धत आणि अनेक टूल्सना मिळून लागू होणारं धोरण. शिवाय बहुतेक सेवांमध्ये न बदलणाऱ्या सुरुवातीच्या मजकुरावर कॅशिंगची (तो साठवून पुन्हा वापरण्याची) सवलत असते. म्हणून आजची तारीख टूलच्या वर्णनात घालू नका. रोज कॅश मोडेल. ती संवादाच्या शेवटाकडे द्या.

भाषेचं उत्तर दुहेरी आहे. टूलच्या नावांना पर्याय कमी आहे: प्रमुख सेवा तिथे मुख्यतः रोमन अक्षरं, अंक, अधोरेघ आणि जोडरेघ घेतात आणि लांबीचीही मर्यादा असते; पॅरामीटरची नावंही तशीच ठेवा. वर्णन मराठीत लिहिलं तरी आजची चांगली मॉडेल्स ते समजतात, पण त्याच मजकुराला देवनागरीत सहसा जास्त टोकन लागतात. मुख्य वर्णन इंग्रजीत ठेवा आणि ग्राहकांच्या तोंडचे मराठी शब्द त्यात जसेच्या तसे पेरा: ‘पैसे परत द्या’, ‘बदलून द्या’, ‘अजून आलं नाही’, ‘कॅन्सल करून टाका’. हे शब्द कल्पनेने लिहू नका, लॉगमधून उचला. ग्राहक ‘परतावा’ म्हणत नाहीत.

शब्दांच्या अशा छोट्या बदलांनी खरंच फरक पडतो का, अशी शंका असेल तर दोन प्रसिद्ध झालेली उदाहरणं पाहा. कोड दुरुस्त करणाऱ्या एजंटबद्दल अँथ्रोपिक या एआय कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये लिहिलं होतं. एजंट मूळ फोल्डरमधून बाहेर गेला की सापेक्ष पाथ (चालू फोल्डरपासून मोजलेला फाइलचा पत्ता) देताना चुकायचा. टूलने नेहमी पूर्ण पाथच मागावा असं केल्यावर त्या चुका थांबल्या. त्याच कंपनीचा वेब शोधाचा एजंट शोधशब्दांना विनाकारण ‘२०२५’ जोडायचा. तो दोष वर्णन सुधारून काढला गेला. दोन्ही वेळा बदल टूलमध्ये झाला.

आता हे तपासायचं कसं? लॉगमधून ४० खरे संदेश निवडा. त्यात २५ असे, जिथे एकच टूल पुरेल. ५ असे, जिथे दोन टूल्स ओळीने लागतील. आणि १० असे, जिथे टूल बोलवायचंच नाही, उलट ग्राहकाला विचारायचं आहे किंवा नुसतं उत्तर द्यायचं आहे. हे दहा टाळू नका. ते नसतील तर जिथे तिथे टूल बोलावणारा एजंटही पैकीच्या पैकी मिळवतो. प्रत्येक संदेशापुढे अपेक्षित टूल आणि पॅरामीटर्स लिहून ठेवा. प्रत्येक संदेश ५ वेळा चालवा, कारण तेच मॉडेल त्याच प्रश्नाला दर वेळी तेच करेल असं नसतं. २०० फेऱ्या झाल्या. टूल बरोबर निवडलं का आणि पॅरामीटर्स बरोबर भरले का, हे वेगवेगळं मोजा. पहिलं बिघडलं तर शेजारी टूल्समधली सीमा पाहा, दुसरं बिघडलं तर पॅरामीटरचं वर्णन. रिफंडसारखी टूल्स अर्थातच खोट्या सर्व्हरवर चालवा.

मग एका वेळी एकच वर्णन बदला आणि सगळे संदेश पुन्हा चालवा, त्या टूलपुरतेच नव्हे. एका वर्णनात ‘अत्यंत महत्त्वाचं’, ‘नेहमी हेच वापरा’ असं ठणकावलंत की ते टूल शेजाऱ्यांचं काम ओढून घेतं आणि दुसरीकडचे आकडे घसरतात. तुमच्या नियमावलीत ‘कटाक्षाने’ हा शब्द किती वेळा आलाय ते मोजा. फक्त आकड्यांवरही जाऊ नका, चुकलेल्या फेऱ्यांचे पूर्ण संवाद वाचा. मॉडेलने टूल निवडण्याआधी काही कारण लिहिलं असेल तर वर्णनातला कोणता शब्द त्याने चुकीचा धरला हे तिथे बऱ्याचदा दिसतं.

राहिलं मॉडेल. वर्णनं सुधारल्यावर तेच ४० संदेश आताच्या आणि महागड्या, दोन्ही मॉडेल्सवर चालवा. दोन्ही एकाच संदेशावर चुकत असतील तर दोष अजून तुमच्या मजकुरातच आहे. महागडं मॉडेल फक्त दोन टूल्स ओळीने लागणाऱ्या ५ संदेशांत पुढे असेल, तर आधी ती दोन टूल्स एकत्र करता येतात का ते पाहा. आणि महागडं मॉडेल सगळीकडेच बऱ्याच फरकाने पुढे असेल, तर घ्या.